उकाड्याचा इतिहास

मराठीत आपण "ऊन लागलं" असं म्हणतो. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तसं ऊनही लागतं. घाटावर झळ लागते, विदर्भात लू लागते आणि डॉक्टर त्यालाच कागदावर "उष्माघात" लिहितात. सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेल्यामुळे मला शब्दांच्या मागे लागायची खोड आहे. अलीकडे मला असं वाटू लागलंय की या "ऊन लागण्या"ने आपली, विशेषतः आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांची, बरीच दिशाभूल केली आहे.

कशी ते सांगते. "ऊन लागलं" म्हटलं की सगळा दोष उन्हावर जातो. मग डोक्यावर टॉवेल टाकला, टोपी घातली, सावलीत बसलं की आपण सुटलो असं वाटतं. आणि ऊन किती आहे हे पाहायचं तर बातम्यांतला आकडा पाहायचा. चंद्रपूर ४५, नागपूर ४४, अकोला ४४. आमच्या सिंधुदुर्गाचा आकडा आपला ३४ नाहीतर ३५. "आमच्याकडे कसला उष्माघात, तो विदर्भात!" हे वाक्य मी बांद्याच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात इतक्या वेळा ऐकलंय की ती एक म्हणच होऊन बसली आहे.

या म्हणीचं खोटेपण दाखवून देणारा दिवस फार लांबचा नाही. १६ एप्रिल २०२३, रविवार. नवी मुंबईत खारघरच्या मोठ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो श्रीसदस्य जमले होते. कित्येक जण आदल्या रात्रीच येऊन बसले होते. कोकणातून गेलेली माणसंही त्यांत पुष्कळ. कार्यक्रम भर दुपारपर्यंत चालला आणि समोर बसलेल्या जनसमुदायावर छप्पर नव्हतं. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलं गेलेलं तापमान सुमारे ३८ अंश होतं. चंद्रपूरकर ३८ ला बरा दिवस म्हणेल. तरी उष्माघाताने १४ माणसं गेली. ही माणसं श्रद्धेने आणि शिस्तीने बसलेली होती. मधूनच उठून जाणं त्यांना प्रशस्त वाटलं नसेल, असं माझं मन सांगतं. त्यानंतर शासनाने चौकशी समिती नेमली आणि उन्हाळा उतरेपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं ठरवलं.

३८ अंशांना १४ माणसं का गेली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्याच्या मागे लागून जे वाचलं, ते आज तुमच्यासमोर मांडते.

उन्हाला दोष देण्याची चूक आपण एकट्यांनी केलेली नाही. साहेबानेही ती केली, आणि चांगली शंभर वर्षं केली. हिंदुस्थानात आलेले गोरे सोल्जर उन्हाळ्यात पटापट आजारी पडत. त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं की सूर्याची किरणं कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आत शिरतात आणि मेंदू बिघडवतात. म्हणून ती जाडजूड सोला हॅट आली. कण्यावर ऊन पडू नये म्हणून पाठीला गादीसारखी पट्टी बांधायची पद्धतही होती. अमेरिकन सैन्याने तर कमालच केली. फिलिपाईन्समध्ये १९०८ च्या सुमारास त्यांनी सैनिकांना नारिंगी-तांबड्या रंगाचे आतले कपडे घालून पाहिले, म्हणजे किरणं अडतील! उपयोग काही झाला नाही, उलट बिचारे अधिकच उकडून निघाले.

त्याच सुमारास इंग्लंडात जे. एस. हॉल्डेन नावाचे एक शास्त्रज्ञ खाणींमध्ये उतरून हवा तपासत होते. कॉर्नवॉलच्या खोल खाणीत ऊन कुठून येणार? तरी तिथे कामगारांचा जीव घाबरा होई. हॉल्डेननी १९०५ साली आपला निष्कर्ष मांडला. माणसाला सोसेल की नाही हे साध्या तापमापकावरून ठरत नाही, तापमापकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळल्यावर तो जे दाखवतो त्यावरून ठरतं. शाळेत आपण हा प्रयोग करायचो, आठवतंय का? ओल्या कापडातलं पाणी वाळताना फुगा गार होतो. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर वाळतं आणि पारा खूप खाली येतो. हवा दमट असेल तर पाणी वाळतच नाही आणि पारा जागचा हलत नाही. हॉल्डेनना दिसलं की वारा नसेल आणि हा ओला पारा साधारण ३१ अंशांच्या वर गेला, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचंही अंग तापू लागतं.

आपलं शरीर म्हणजे असाच एक ओला फुगा आहे. घाम येतो म्हणून आपण गार होत नाही, घाम वाळतो म्हणून गार होतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तोच घाम नुसता निथळून जमिनीवर पडला तर पाणीही गेलं, मीठही गेलं, आणि उष्णता मात्र अंगातच राहिली. नागपूरची हवा घाम पिऊन टाकते. आमची हवा आधीच पाणी पिऊन बसलेली असते. आमच्या मालवणीत "ऊन" यापेक्षा "उकाडो" हा शब्द जास्त ऐकू येतो, आणि आता मला वाटतं की तोच शास्त्राला धरून आहे. उकडणं म्हणजे वाफेवर शिजणं. बटाटा उकडतो तसं माणूस उकडतं.

आपल्या हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. उष्णतेची लाट म्हणण्यासाठी सपाट प्रदेशात पारा निदान ४० वर जावा लागतो, पण किनाऱ्यासाठी ही अट ३७ ची आहे, शिवाय तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वाढलेलं हवं. आता गंमत अशी की आमच्या मे महिन्यातल्या ३४-३५ च्या जीवघेण्या उकाड्याला या व्याख्येत जागाच नाही. तेव्हा खातं "उष्ण व दमट हवामान" असा इशारा देतं. तो ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत नाही, "लाट" म्हटल्यावर जसा येतो.

दुसरी दिशाभूल कॅलेंडर करतं. उन्हाळा म्हणजे एप्रिल-मे असं आपण धरून चालतो. पण मुंबईत सांताक्रूझला ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं ते २८ मार्च १९५६ रोजी. मेमध्ये नव्हे, मार्चमध्ये! कारण भूगोलाच्या पुस्तकातच आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. हे खारे वारे म्हणजे कोकणाचा पंखा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीकधी घाटावरून पूर्वेचे कोरडे, तापलेले वारे जोर धरतात आणि समुद्राच्या वाऱ्याला यायला दुपार करतात. तेवढ्या वेळात किनारा तापून निघतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये कोकणाला उष्णतेचे इशारे मिळाले ते याच प्रकाराने. थंडीची पांघरुणं अजून घडी घालून ठेवलेली नसतात आणि अंगाला उन्हाची सवय झालेली नसते, म्हणून हे दिवस जास्त वाईट.

पंखा बंद पडला की काय होतं ते आपल्याच अरबी समुद्राच्या काठावर कराचीने पाहिलं. जून २०१५ मध्ये तिथे समुद्राचा वारा पडला, पारा ४५ च्या जवळ गेला, रमजानचे दिवस, त्यात वीज जात होती. बाराशेंहून अधिक माणसं काही दिवसांत दगावली. "समुद्र जवळ आहे, आम्हाला काय होतंय" म्हणणाऱ्यांनी कराची आठवावी.

मग आपल्या पूर्वजांनी काय केलं? त्यांच्याकडे तापमापक नव्हता, पण अनुभव होता. माणसाला पाणी, सावली आणि दुपारची विश्रांती मिळाली पाहिजे, या तीन गोष्टींची त्यांनी व्यवस्थाच लावून ठेवली होती, आणि ती एकेकट्यावर सोडली नव्हती.

पाण्याचं पाहा. सम्राट अशोकाने वाटेवर झाडं लावली, विहिरी खणल्या, हे त्याने दगडावर कोरून ठेवलं. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी लेख आहेत, त्यांत टाक्याला "पोढी" म्हटलंय. कुणी व्यापाऱ्याने, कुणी गृहिणीने पुण्य म्हणून ती खोदवून दिली. आपल्या "पाणपोई"तली पोई म्हणजे संस्कृतातली "प्रपा". गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत, पाणपोईवरची एक सुंदर गाथा आहे. वाटसरू वर पाहत ओंजळीने पाणी पितोय आणि बोटं मुद्दाम फाकवतोय, म्हणजे पाणी गळेल आणि जास्त वेळ थांबता येईल. पाणी घालणारीही काही कमी नाही, ती आपली धार बारीक बारीक करत जाते! वर्गात हे शिकवताना मुलं तोंड दाबून हसायची. पण त्या शृंगाराच्या आड एक गोष्ट आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात वाटेवर पाणी पाजायला माणूस बसलेलं असे आणि ते इतकं नेहमीचं होतं की कवीला त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

आमच्याकडे दारात आलेल्याला विचारपूस करण्याआधी पाणी आणि गूळ. "खंय चललंस इतक्या उन्हात? बस वायच. पाणी पी, गुळाचो खडो तोंडात घाल." ही फक्त रीत नव्हती, उपचारही होता. कारण त्या निमित्ताने माणूस दहा मिनिटं सावलीत बसे.

पेजेचंही तसंच. उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ, सोबत एखादं लोणचं किंवा सुकटाची चटणी. शेतावरून आलेला गडी दोन वाडगे पेज प्यायचा. पुढे १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रोगी वाचवले, आणि नंतर तांदळाच्या पिठाचं क्षारपाणीही तितकंच कामाला येतं असं प्रयोगांती दिसलं. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण घामाने जातं ते पाण्याबरोबर मीठही जातं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. सोलकढी आणि आमसुलाचं सार यांतही मीठ असतंच.

घरांचं सांगायचं तर जांभ्या दगडाच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, वर माळा आणि त्यावर नळीची कौलं. १८६५ साली बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू मंगलोरी कौलं आमच्याकडेही आली. दोन्हींच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. आता स्लॅब आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. पावसाला, माकडांना, गळतीला कंटाळून लोकांनी स्लॅब घातला, त्यांना नावं कशी ठेवणार? पण स्लॅबखालच्या खोलीत म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही, हे घर बांधताना लक्षात घ्यावं. उन्हाळ्यात वर नारळाची झापं अंथरली तरी फरक पडतो.

आणि वेळ! शेतकरी उजाडता बाहेर पडे आणि अकराला घरी येई. आयुर्वेदाने दिवसा झोपणं निषिद्ध मानलंय, पण ग्रीष्मात मात्र मुद्दाम सूट दिली आहे. पुण्याच्या दुकानदारांची एक ते चारची चेष्टा आपण करतो आणि पलीकडच्या गोव्याला सुशेगाद म्हणून हसतो. पण ही दुपारची विश्रांती म्हणजे आळस नव्हता, ते उकाड्याचं व्यवस्थापन होतं. मार्च-एप्रिलमधली सकाळची शाळाही त्यातलीच. मार्च २०२५ मध्ये राज्यभरच्या शाळा सकाळी भरवण्याचा आदेश निघाला तेव्हा मला बरं वाटलं.

आता ही व्यवस्था विस्कटली आहे. महामार्ग चौपदरी झाला, त्याची गरज होतीच, पण कडेची जुनी झाडं गेली. बाटलीतलं पाणी विकत मिळतं म्हणून पाणपोई राहिली नाही. आणि दुपारची वेळ आता ज्याची त्याला ठरवता येत नाही. चिरेखाणीवर काम करणारा मजूर पाहा. जांभ्याच्या खड्ड्यात वारा नाही, चारी बाजूंनी तापलेला दगड, पैसे चिऱ्यांवर मोजून. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की दुपारी सावलीत बस? ते त्याच्या मालकाने ठरवायचं असतं. खारघरलाही वेळ समोर बसलेल्यांनी ठरवलेली नव्हती.

व्यवस्था पुन्हा लावता येते, याचंही उदाहरण आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ पर्यंत गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात निघालं. शहर हादरलं. २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. आधीच इशारा, दवाखान्यांत तयारी, ठिकठिकाणी पाणी, कामाच्या वेळांत बदल. दक्षिण आशियातला तो पहिला. नीट पाहिलं तर त्यात नवीन काय आहे? पोढी, पोई, सावली आणि दुपारची सुट्टीच नव्या कागदावर लिहिली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे मी आमच्या मुंबई-पुण्याच्या आणि परदेशातल्या भाचेमंडळींसाठी लिहितेय. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत शिकागो शहरात काही दिवसांच्या उकाड्याने सातशेंहून अधिक माणसं गेली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने मग शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या. एकीत मृत्यू पुष्कळ, दुसरीत थोडे. फरक काय, तर दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं होती, माणसं एकमेकांकडे जात-येत होती. पहिलीत म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून एकटी बसली होती. २००३ साली फ्रान्समध्ये ऑगस्टच्या उकाड्यात सुमारे पंधरा हजार माणसं दगावली, त्यांत बहुतेक वृद्ध. तो तिथला सुट्टीचा महिना, घरची माणसं बाहेरगावी गेलेली.

हे वाचलं आणि मी आमच्या वाडीतली घरं मनात मोजली. किती घरांत एकच म्हातारं माणूस आहे, किती घरांत दोन. मुलं मुंबईला, पैसे वेळेवर येतात, फोनही येतो. पण भर दुपारी दोन वाजता दार ढकलून "काकी, काय करतंस गो?" विचारणारं कुणी असलं पाहिजे. वय झाल्यावर तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळा लागला की डॉक्टरांना विचारून घ्यावं. म्हातारं माणूस बडबडायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. अंग भट्टीसारखं तापलेलं असेल आणि शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात असू शकतो. घाम थांबेलच असं नाही, राबणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही तो होतो. लगेच १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावं आणि जोराने वारा घालावा. मानेला, काखेत, जांघेत गार फडकी ठेवावीत. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी किंवा सरबत घालू नये, ते श्वासात जाईल. आणि तो खिशातला कांदा जेवणात खावा, खिशात ठेवून काही होत नाही!

जाता जाता घरचंच बोलते. येत्या मे महिन्यात आमच्या घरात कार्य आहे. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा निघालाय आणि हॉल पत्र्याचा आहे. नवऱ्या मुलीच्या दोन्ही आज्या ऐंशीच्या पुढच्या, त्यात चुलीपाशी उभे राहणारे आचारी, भर उन्हात वाजवणारे वाजंत्रीवाले. गोरज मुहूर्तही शास्त्रात आहे आणि तो शुभच मानतात. भटजींशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. उरली ती तुमची संमती. संध्याकाळी खारा वारा असतो, माणसं पोटभर जेवतील आणि आज्या अक्षता टाकायला शेवटपर्यंत बसतील. तेव्हा आठवडाभरात काय ते कळवा, पत्रिका छापायला द्यायच्या आहेत.